नेम झेपेल एवढाच धरावा

(शतक महोत्सवी अखंड हरिनाम सप्ताहात, सहाव्या दिवशी दुपारी केलेले भाषण)

उत्सव कमिटीने आम्हाला अर्धा तास दिलेला आहे. कीर्तनाला उभे राहिलो असतो तर दोन तासही पुरले नसते. पण हे कीर्तन नाही, म्हणून अभंग लावणार नाही. सरळ बोलायचं आणि खाली बसायचं.

विषय आमचा नाही, तरुण मंडळींनी दिलेला आहे. चिठ्ठीवर लिहून आणला, "आयुष्यात गोल कसा ठरवायचा आणि कसा गाठायचा." आम्ही म्हटलं, बाबांनो, आम्हाला गोल म्हणजे रिंगण माहीत. अश्व धावतो आणि फिरून तिथंच येतो. तुम्हाला तिथंच परत यायचंय का? पोरं हसली. मग एकानं समजावलं, गोल म्हणजे ध्येय, टार्गेट. आमची शाळा चौथीपर्यंत. पण चिठ्ठी घरी नेली, दोन दिवस बैलांना वैरण टाकताना विचार केला, आणि ध्यानात आलं की या गोलाला आपल्याकडं जुना शब्द आहे. नेम.

बघा, आंब्याखाली पोरगं गलोल घेऊन उभं राहतं, एक डोळा मिटतं, कैरीवर नेम धरतं. आणि घरात आजी संध्याकाळी हरिपाठाचा नेम धरते. शब्द एकच. म्हणजे जिथं पोचायचं तोही नेम, आणि पोचण्यासाठी रोज जे करायचं तोही नेम. आपल्या वाडवडिलांनी या दोन गोष्टींना दोन शब्द केलेच नाहीत. आताच्या पोरांनी ते वेगळे केले. टार्गेट वहीत लिहितात, मोबाईलवर लावतात, भिंतीवर चिकटवतात, आणि रोजचं करणं राहून जातं. अन् तिसरा अर्थ पण आहे. एखादा माणूस भरवशाचा नसला की आपण काय म्हणतो? "त्याचा काय नेम नाही." पावसाचा नेम नाही, एसटीचा नेम नाही, तसं माणसाचं होऊ नये एवढ्यासाठी हे बोलणं.

आता पहिली गोष्ट. नेम केवढा धरावा?

सप्त्याच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. दहीहंडी फुटते, माणसं फुगड्या घालतात, डोळ्यांत पाणी येतं. त्या जोशात दहा-पंधरा जण पुढं येतात, म्हणतात महाराज, माळ घाला. आम्हाला आनंदच होतो. पण आम्ही विचारतो, बाबा, तुझ्या घरी रात्री काय शिजतं? कारण आपण या खाडीकाठची माणसं. आपल्याकडं पाहुणा आला तर मासळी, पाऊस लागला तर सुकट, तोंडाला चव नसली तर बोंबील भाजायचा. देशावरच्या माणसाला मटण सोडणं वेगळं, आणि आपल्याकडच्या माणसाला रोजच्या ताटातलं कालवण सोडणं वेगळं. माळ म्हणजे गळ्यात घालायचा दागिना नाही. मांस बंद, मासळी बंद, दारू बंद, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, वारी करायची. एवढं सगळं एका दिवसात घेतलेला माणूस आषाढी अमावास्या येईपर्यंत टिकला तर टिकला. तिला आता गटारी म्हणतात, आणि त्या दिवशी कोणाकोणाची माळ खुंटीला लागते ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आम्ही अशा माणसाला माळ घालत नाही. काही महाराज रागावतात, आलेला जीव परत पाठवू नये म्हणतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण आमचं मत पडलं ते असं की आधी तीन एकादश्या धर. त्या जमल्या तर चातुर्मास धर. चातुर्मास ही आपल्या लोकांनी फार अकलेनं केलेली गोष्ट आहे. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकी एकादशीला संपला. चार महिने. एक वस्तू सोडायची, नाहीतर एक गोष्ट रोज करायची. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं सोडतं, कोणी रोज देवळाला प्रदक्षिणा घालतं. शेवटची तारीख माहीत असते, म्हणून माणूस धीर धरतो. आणि संपल्यावर उद्यापन असतं. सोडलेली वस्तू दान करायची, चार माणसं जेवायला घालायची, नेम पुरा झाला असं जाहीर करायचं. ज्याचा एक चातुर्मास पुरा झाला त्याच्या अंगात वेगळं बळ येतं. त्याला माळ घालताना आम्हाला भीती वाटत नाही.

एक माणूस आमच्या डोळ्यासमोर गेला म्हणून एवढं सांगतो. गाव सांगत नाही. काल्याला त्यानं आयुष्यभरासाठी शपथ घेतली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून. एकवीस दिवस पाळली. बाविसाव्या दिवशी एका हळदीला घसरला. एकदा मोडली म्हणजे सगळीच मोडली, अशी त्याची समजूत. मग लाज वाटून देवळाकडचा रस्ता सोडला, आम्ही दिसलो की गल्लीत वळायचा. हाका मारल्या, घरी माणसं पाठवली. आला नाही. चाळिशीच्या आत गेला. डॉक्टरनं लिव्हर लिहिलं. आमच्या मते त्याला दारूनं मारलं तेवढंच त्या शपथेनं मारलं. एवढी मोठी शपथ, की मोडल्यावर परत जोडायला जागाच ठेवली नव्हती.

म्हणून नेम धरताना चांगला दिवस डोळ्यासमोर आणू नये. वाईटातला वाईट दिवस आणावा. अंगात ताप आहे, गाड्या बंद आहेत, घरात भांडण झालंय, त्या दिवशी सुद्धा होईल एवढाच नेम असावा. २६ जुलै २००५ तुम्हाला आठवतो. उल्हास नदी घरांत शिरली होती, वीज नाही, मुंबईला गेलेली माणसं रात्रभर परतली नव्हती. त्या संध्याकाळी आपल्या देवळात हरिपाठाला तीन माणसं होती. टाळ दोनच. कंदील लावून हरिपाठ झाला. आपली दिंडी शंभर वर्षं चालली ती कोण्या मोठ्या माणसामुळं नाही. तीन माणसांत होण्यासारखा नेम होता, म्हणून चालली. सत्तर माणसं आणि साउंड सिस्टिम लागेल असा असता तर कधीच बंद पडला असता.

आणि मोठ्या सोहळ्याचं उदाहरण घ्या. २०२० साली कोरोना आला. पायी वारी झाली नाही. पण माऊलींच्या पादुका पंढरपूरला गेल्या की नाही? गेल्या. एसटी बसमध्ये बसून गेल्या, सोबत मोजकी माणसं. त्या वेळी काही जणांनी नाकं मुरडली, ही कसली वारी म्हणाले. आम्हाला तसं वाटत नाही. वारी लहान केली पण खंड पडू दिला नाही. मोठं जमत नाही तर लहान करावं, बंद करू नये.

दुसरी गोष्ट हंगामाची. आपण भातवाले. मृगात आवण पेरलं की एकवीस-पंचवीस दिवसांत ते लावणीला येतं, आणि नेमकी तेव्हाच आषाढी येते. खाचरात पाणी उभं आहे, आवण पिवळं पडायला लागलंय, आणि आपण पंढरीच्या वाटेवर, हे कसं चालेल? आपल्या म्हाताऱ्या माणसांनी ते ओळखलं होतं. आळंदीहून आषाढीला देशावरची माणसं चालतात, त्यांची पेरणी झालेली असते. आपण भात कापून, झोडून, खळं मोकळं झालं की कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला चालत जाऊ लागलो. शीळफाट्यावरून पनवेल, खोपोली, बोरघाट चढून लोणावळा, देहू आणि आळंदी. माघी वारीला पंढरपुरात कोकणची माणसं जास्त दिसतात, त्याचं कारण पण शेतीच. संप्रदायानं आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्या ठेवल्या. ज्याला जी जमेल ती त्याची.

आता शेती राहिली किती? आमची चार खाचरं शिल्लक आहेत, भोवती बावीस मजल्यांच्या इमारती. पण हंगाम प्रत्येकाला असतोच. मार्चमध्ये बँकवाल्याला हंगाम, परीक्षेत पोरांना, गणपतीत मूर्तिकाराला. आपल्या लावणीच्या दिवसांत नवा नेम सुरू करायचा नाही. लोक एक जानेवारीला सुरू करतात. एक जानेवारीला आपलं काय असतं? आदल्या रात्रीचं जागरण असतं. त्यापेक्षा आपला मोकळा काळ बघावा आणि तयारी त्याच्याही आधी करावी. आषाढातल्या लावणीसाठी राब आपण फाल्गुन-चैत्रात भाजतो. कवळ तोडून वाळवतो, शेण पसरतो, माती टाकतो, वाऱ्याची दिशा बघून पेटवतो. तेव्हा आकाशात ढगाचा ठिपका नसतो. कोणी परका बघितला तर म्हणेल हा वेडा भर उन्हात जमीन का जाळतो. पोलीस भरतीला पळायचंय अशा पोरानं भरतीची जाहिरात निघाल्यावर बूट घेऊन काय उपयोग? ज्यानं राब भाजला नाही त्यानं आवण उसनं मागत फिरायचं.

तिसरी गोष्ट मुक्कामाची, आणि ही आम्हाला सगळ्यात आवडते. आम्हाला आषाढी चालायचा योग मुलं हाताशी आल्यावर आला. पहिल्या वर्षी आळंदीला उभे राहिलो तेव्हा पंढरपूर कुठल्या दिशेला तेही नीट ठाऊक नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या वारकरी बाबांना विचारलं, बाबा, किती लांब? ते म्हणाले, "पुण्यापोतर." आम्ही म्हटलं, पंढरपूर विचारतो. ते म्हणाले, "ते पुन्याला गेल्यावर इचार." पुण्यात विचारलं तर म्हणाले सासवड. अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, पण त्या बाबांनी आम्हाला एकदाही पुढच्या मुक्कामापलीकडचं सांगितलं नाही.

आणि मुक्काम कसे बांधलेत ते बघा. हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यात केवढा हिशोब आहे. पुण्याहून सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवेघाट. म्हणून पुण्यात दोन रात्री मुक्काम, आणि सासवडला परत दोन रात्री. अवघड दिवसाच्या अलीकडं विसावा, पलीकडं विसावा. मग जेजुरी, वाल्हे, हे टप्पे लहान. लोणंदच्या पुढं चांदोबाचा लिंब, तिथं उभं रिंगण. चालून चालून कंटाळलेल्या माणसाला अर्ध्या वाटेत खेळ दिलाय. आपण काय करतो? वजन कमी करायचं ठरलं की पहिल्याच दिवशी मलंगगड चढून येतो आणि पुढचे पंधरा दिवस गुडघ्याला तेल लावत बसतो.

अजून एक बघण्यासारखं आहे. रोज संध्याकाळी तळावर समाजआरती असते. चोपदार चोप वर करतात, लाखभर माणूस गप्प होतं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा करतात. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या कधी निघायचं ते सांगितलं जातं. मग आरती. म्हणजे आजचा हिशोब आज पुरा, उद्याची वेळ ठरली, आता झोपा. घरी सुद्धा रात्री दोन मिनिटं एवढंच करावं. आज काय झालं, काय राहिलं, उद्या कधी. आम्ही कॅलेंडरवर चौकोनात फुली मारतो. नातू म्हणतो आजोबा ॲप घ्या. त्याचं ॲप तीन वेळा बदललं, आमची खिळ्याला टांगलेली पेन्सिल तीच आहे.

आता एका ताईंचं सांगतो. त्या डोंबिवलीला राहतात, नोकरी मुंबईला. आमच्याकडं आल्या, म्हणाल्या महाराज, ज्ञानेश्वरी एकदा अर्थासकट पुरी वाचायची आहे, पण वेळच मिळत नाही. सात दिवसांच्या पारायणाला बसायला रजा नाही. आम्ही विचारलं, गाडीत किती वेळ जातो? एका बाजूला सव्वा तास. बसायला मिळतं का? तर त्या डोंबिवलीला गाडीत चढून आधी उलट कल्याणला जातात आणि तीच गाडी परत फिरली की बसून येतात. निम्मी डोंबिवली हेच करते म्हणा. आम्ही कागद घेतला. ज्ञानेश्वरीचे अध्याय १८, ओव्या नऊ हजारांच्या वर. आठवड्याचे सहा दिवस गाडी, दिवसाला ३० ओव्या. सुमारे ३०० दिवस लागतात. वर्षात गाडीचे दिवस होतात ३१२. म्हणजे दहा-अकरा दिवस शिल्लक, आजारपणाला आणि पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले त्याला. ताई कागदाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, एवढंच? एवढंच. फक्त एक अट घातली. गाडीत बसल्यावर आधी पुस्तक, मग मोबाईल. पिशवीत पुस्तक वर, मोबाईल खाली.

सव्वा वर्ष लागलं. कारण अठरावा अध्याय एकटाच अठराशेच्या वर ओव्यांचा आहे, तिथं त्या दमल्या. मधे सासूबाईंचं आजारपण आलं, महिनाभर पुस्तक उघडलं नाही. परत आल्या तेव्हा विचारायला लागल्या, राहिलेल्या नऊशे ओव्या आता कशा भरून काढू? आम्ही म्हटलं, काही भरू नका. जिथं खूण आहे तिथून उद्या ३०. वारीत एखादा वारकरी फलटणला आजारी पडला, दवाखान्यात राहिला, तर तो बरा झाल्यावर काय आळंदीला जाऊन पहिल्यापासून चालतो? तो एसटी धरतो, बरडला नाहीतर नातेपुत्याला दिंडी गाठतो आणि आपल्या जागेवर उभा राहतो. टाळकरी विचारत नाही कुठं होतास, टाळ हातात देतो. चुकलेल्या दिवसाचं ओझं पुढच्या दिवसावर टाकलं की दोन्ही दिवस बुडतात. मात्र एक सांगतो, एक दिवस चुकला तर चालतो, सलग दुसरा चुकू देऊ नये. ताईंच्या घरी आजारपण होतं, ते वेगळं. पण नुसत्या कंटाळ्यानं दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी न करण्याचाच नेम होतो.

शिकलेल्या, कामाच्या माणसाला हे जमतं का असं कोणी विचारलं तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातलं नाव सांगतो. सोनोपंत दांडेकर, म्हणजे मामासाहेब. केळवे-माहीमचे, १८९६ चा जन्म. पुण्याच्या एस. पी. कॉलेजचे प्राचार्य झाले. विष्णुबुवा जोगांचे शिष्य. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचाही भार मामासाहेबांनी वाहिला. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचं आणि वारीत टाळ घ्यायचा. त्यांनी सिद्ध केलेली सार्थ ज्ञानेश्वरी आज घराघरात पारायणाला आहे, त्या ताईंच्या पिशवीत तीच होती. एवढ्या कामाच्या माणसाला वेळ मिळाला. आपल्याला का मिळत नाही, ते मोबाईलला विचारा.

आता पैशाचं बोलायचं, ते कडू आहे. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगाच्या गावांत जमिनी गेल्या. रस्त्याला गेल्या, बिल्डरला गेल्या, प्रकल्पाला गेल्या. बापजाद्यांनी दोन पिढ्यांत बघितला नाही एवढा पैसा एका चेकवर आला. काही घरांनी जपला, त्यांना नमस्कार. बाकीच्यांचं तुम्ही बघताच. दाराशी दोन गाड्या, हळदीला तीन-तीन रात्री डीजे, नाचायला बाहेरून माणसं. गाडगे महाराज जन्मभर दिवसा गाव झाडत होते आणि रात्री कीर्तनात हेच सांगत होते, कर्ज काढून सण-लग्न करू नका, पोरं शिकवा. आमच्याकडं तर कर्जही काढावं लागलं नाही, आईसारखी जमीन विकून केलं.

त्यातलाच एक मुलगा. पैसा तीन वर्षांत संपला. गाडी विकून टेंपो घेतला, त्याचे हप्ते थकले, संध्याकाळची बैठक सुरू झाली. बायको लेकरं घेऊन माहेरी गेली. तो एकादशीला देवळात आला, म्हणाला, "महाराज, दोन वर्षांत सगला परत मिळवतंय का नाय बघा." आम्ही म्हटलं, सगळं राहू दे. घरी जायचा रस्ता कुठला? रस्त्यात ते दुकान लागतं का? लागतं. मागून दुसरा रस्ता आहे का? आहे, दीड किलोमीटरचा वळसा आहे. मग तुझा नेम हा, की टेंपो मागच्या रस्त्यानं न्यायचा. दुसरं काही धरू नकोस. दारू सोडली असं पण म्हणू नकोस.

आणि सात वाजता हरिपाठाला ये. मंडळी, हरिपाठ संध्याकाळी का, याचा विचार केलाय कधी? दिवेलागणीची वेळ. माणूस दमलेला असतो, खिशात दिवसाची कमाई असते, आणि पाय आपोआप वळतात. दारूची वेळ आणि हरिपाठाची वेळ एकच आहे. २७ अभंग म्हणायला पाऊण तास लागतो, तो पाऊण तास टळला की माणूस जेवायला घरी जातो. जी वेळ आपल्याला बुडवते, नेम त्याच वेळेवर ठेवावा. सकाळी उठून व्यायाम करून रात्रीची दारू सुटत नाही.

चार महिन्यांनी त्याला पैशाचा नेम दिला. संध्याकाळी डिझेल भरतानाच दिवसाच्या कमाईचे तीन वाटे करायचे. एक डिझेल-दुरुस्तीचा, एक हप्त्याचा, एक घरचा. हप्त्याचा वाटा डब्यात, आणि डबा आईकडं. आपल्या दिंडीची वारीची भिशी अशीच चालते हे त्यानं बघितलेलं होतं. एकादशीला २०० रुपये, वर्षाच्या २४ एकादश्या, झाले ४८००, वारीचा खर्च अंगावर येत नाही. तसा त्याचा हप्ता अंगावर येईनासा झाला. मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सातला आला, खाली मान घालून मागं बसला. कोणी काही बोललं नाही. बोलायचं नाही असं आम्ही टाळकऱ्यांना आधीच बजावलं होतं. आज पाच वर्षं झाली. टेंपो त्याच्या मालकीचा झाला, बायको-मुलं घरी आली. माळ अजून घातलेली नाही. म्हणतो, महाराज, अजून थोडं थांबतो. आम्ही घाई करत नाही. तो आता मंडपात आहे, आणि उद्याच्या महाप्रसादाचे तांदूळ त्याच्याच टेंपोतून आले आहेत.

यात साक्षीचा भाग मोठा आहे. एकट्यानं मनात धरलेला नेम मनातच सुटतो, कोणाला कळत पण नाही. सप्त्यात विणा चोवीस तास उभा असतो, खाली टेकत नाही. रात्री दोन ते चारचा पहारा ज्याचा असतो त्याला झोप येत नाही का? येते. पण चार वाजता दुसरा येईल आणि गळ्यातून विणा काढून घेईल हे त्याला माहीत असतं, आणि आपण झोपलो तर आपल्या आधीच्या माणसाचे दोन तास वाया जातील हेही माहीत असतं. लोकलच्या डब्यात भजनी मंडळं आहेत. त्यातला एखादा गाडीला आला नाही तर दुपारपर्यंत चार फोन येतात. असे दोन-चार लोक असावेत. फार नकोत. सगळ्या गावाला सांगत सुटलं, मोबाईलवर फोटो टाकले, की केल्याचं समाधान आधीच मिळतं आणि करायचं राहतं.

वेळ होत आली, विणेकरी आमच्याकडं बघतायत. एक कामाचं सांगून बसतो. देवळात विण्याच्या खुंटीजवळ एक दोनशे पानी वही ठेवलेली आहे. पेन दोऱ्यानं बांधलंय, नेऊ नये. ज्याला नेम धरायचा आहे त्यानं येत्या एकादशीला तिच्यात लिहावं. एकच ओळ. काय करणार, कुठल्या वेळेला करणार, आणि कधीपर्यंत. देवाधर्माचाच पाहिजे असं नाही. कोणाला अभ्यास असेल, कोणाला साखरेच्या आजारासाठी चालणं असेल, कोणाला कर्ज असेल. नाव लिहायचं नसेल तर खूण करावी, तुळशीचं पान काढलं तरी चालेल. शेजारी एका साक्षीदाराची सही घ्यावी. ज्याला लिहिता येत नाही त्याला आम्ही लिहून देऊ, आम्ही साडेसहालाच येतो. वही दर एकादशीला उघडली जाईल. ज्याचा मोडला असेल त्यानं खाली नवीन तारीख टाकावी, आधीची ओळ खोडू नये.

आताच पाच जणांनी नावं दिली आहेत. त्यातल्या एकानं रोज शंभर सूर्यनमस्कार लिहिलेत. त्याला आम्ही आरतीनंतर भेटायला सांगितलंय, बाराच लिहू.

राम कृष्ण हरी.